ग्रंथभांडाराची किल्ली

ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे श्रुतपंचमीच्या दिवशी, आमच्या मंदिरांतील शास्त्रभांडारांची कपाटे उघडतात. पोथ्यांची वेष्टने सोडून धूळ झटकली जाते, नवी वस्त्रे बांधली जातात, पूजा होते आणि कपाटास पुन्हा कुलूप पडते. श्वेतांबर बांधव कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी याच भावनेने पाळतात. ग्रंथांची निगा हेच पूजेचे अंग ठरविण्यात पूर्वजांची दूरदृष्टी दिसते. परंतु वर्षातील उरलेल्या दिवसांचे काय, हा प्रश्न आम्ही या स्मरणिकेच्या द्वारे व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत.

तो व्यापाऱ्यांपुढेच का, असे कोणी विचारील. अनेक जुन्या पोथ्यांच्या अखेरीस प्रशस्ती असते. तीत ग्रंथ लिहवून घेणाऱ्या श्रावकाचे नाव व कूळ आढळते. शास्त्रदान हे आमच्या चार दानांपैकी एक. ही भांडारे बहुतांशी व्यापाऱ्यांच्या द्रव्यावर उभी राहिली. तेव्हा त्यांच्या भवितव्याची जबाबदारीही व्यापाऱ्यांवर येते.

मूडबिद्रीचे उदाहरण घ्या. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका शतकानुशतके तेथील ताडपत्रांतच राहिली होती. यात्रेकरूंनी तिचे दर्शन घ्यावे. वाचन मात्र नाही. 1883 च्या सुमारास मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी ती ताडपत्रे पाहिली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनीही या कामी मन घातले. त्या शतकाच्या अखेरीस नकलेस प्रारंभ झाला, आणि ते काम पुरे होण्यास जवळजवळ एक पिढी सरली. तरीही नक्कल मूडबिद्रीबाहेर जाऊ नये, असाच निर्बंध होता. अखेर नकलनवीस गजपतिशास्त्री यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुपचूप दुसरी प्रत तयार केली. ती सहारणपुरास पोहोचली. तिच्यापासून झालेल्या प्रती कारंजा, आरा, अमरावती येथे गेल्या. त्यांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी 1939 साली पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यासाठी द्रव्य दिले तेही भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, एका शेठांनी. पुढे मूडबिद्रीच्या विश्वस्तांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास उदारपणे संमती दिली, आणि सोळा खंडांचे हे कार्य तडीस गेले.

या हकीकतीचा बोध आम्हांस स्पष्ट दिसतो. विश्वस्तांची श्रद्धा खोटी नव्हती. परंतु एवढा थोर ग्रंथ जगापुढे यावयास नियम मोडावा लागला, ही भूषणाची गोष्ट नव्हे. जे चोरवाटेने घडले ते आता राजमार्गाने घडले पाहिजे.

आज साधनांची वाण नाही. केंद्र सरकारने 2003 साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापिले. 2025 च्या अंदाजपत्रकात ‘ज्ञान भारतम्’ योजना जाहीर करून एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे उद्दिष्ट ठेविले. जी नक्कल करावयास एक पिढी लागली, तिची छायाचित्रे आता थोड्या दिवसांत निघू शकतात. वारंवार हाताळणीने पाने झिजतात. चित्र निघाल्यावर तोही त्रास वाचतो. म्हणून अशी प्रत काढणे ही आशातना नव्हे, उलट रक्षणच होय.

मात्र एक धोका आम्हांस दिसतो. प्रतिमा काढून त्या विश्वस्तांच्या कपाटातील हार्ड डिस्कमध्ये ठेवावयाच्या, सूची करावयाची नाही आणि अभ्यासकास दाखवावयाच्या नाहीत, असे झाले तर पेटी तेवढी बदलली, कुलूप तेच राहिले! शिवाय ती डिस्क एके दिवशी बंद पडते, आणि ताडपत्राइतके तिचे आयुष्य नसते. सूचीविना प्रतिमा म्हणजे खतावणीविना कीर्द. नोंदी सर्व आहेत, पण सापडत काहीच नाही.

यास्तव आमची सूचना अशी. व्यापारी मंडळींनी जेथे या कामास द्रव्य द्यावे, तेथे चार अटी घालाव्यात. मूळ पोथी मंदिराबाहेर जाऊ नये. छायाचित्रे मंदिरातच घ्यावीत. ग्रंथ, कर्ता, भाषा, लिपी, पत्रसंख्या व लेखनकाल यांची सूची प्रतिमांबरोबरच व्हावी. प्रती तीन असाव्यात, त्यांपैकी एक परगावी. आणि त्या उघडतात की नाही हे दर श्रुतपंचमीस तपासावे. चौथी अट सर्वांत महत्त्वाची : अभ्यासकास, तो कोणत्याही जातिधर्माचा असो, त्या विनामूल्य पाहावयास मिळाव्यात. मालकी मंदिराची, ज्ञान सर्वांचे.

दिलेले धन दात्याच्या वहीत नावे पडते. परंतु पोथी लिहवून घेणाऱ्या त्या जुन्या श्रावकाचे नाव आजही वाचता येते, ते कोणीतरी पोथी उघडली म्हणून. येत्या श्रुतपंचमीस कपाटे उघडतील, तेव्हा त्यांतील एक तरी ग्रंथ पुन्हा कुलपात न जावो, एवढीच आमची समाजास विनंती आहे.