गळाला लागलेली माणसे



गळ टाकून नदीकाठी बसणारा माणूस म्हणजे रिकामटेकडा, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. घरची माणसे म्हणतात, "अख्खा रविवार घालवला आणि आणले काय, तर चार बोटांएवढी चिलापी!" बाजारात शंभर-दोनशे रुपयांत कापून-धुवून मासा मिळत असताना उन्हातान्हात तासन् तास बसायचे कशाला, हा प्रश्न हिशेबाच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण सगळाच हिशेब रुपये-पैशांत मांडता येत नाही, हे मी कारकुनीत पंचवीस वर्षे काढून, बी.कॉम.च्या पदवीसह, तुम्हाला सांगतो. नदीकाठी मासा लागतो तो थोडा. माणसे लागतात ती जास्त.

आपली कोयना महाबळेश्वरला उगम पावते. डोंगराच्या कुशीतून ती दक्षिणेकडे येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते, पाटणला केरा नदीला पोटात घेते आणि पुढे कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. वर १०५ टीएमसी पाणी साठवणारे धरण आहे. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पाणी सोडले की खालच्या नदीची पातळी चढते. पावसाळ्यात सहा वक्र दरवाजे उचलले तर विचारायलाच नको. म्हणून आमच्या नदीवर एकट्याने बसणे हा शहाणपणा नाही. भोंगा वाजला, पाण्याचा रंग बदलला, वरून काटक्या-पाचोळा वाहत आला, की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने ओरडायचे, "पाणी आलं रं!" आणि पुढच्या खडकावर बसलेला वर आला की नाही हे पाहिल्याशिवाय कोणी घरची वाट धरायची नाही. हा आमच्या काठाचा पहिला नियम. तो कोणी लिहून दिलेला नाही. एकाचा डोळा दुसऱ्याच्या जिवावर ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे. मैत्रीची व्याख्या याहून वेगळी काय करणार?

आता बसणारे कोण कोण, ते ऐका. एक गवंडीकाम करणारे मिस्त्री. एक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. एक शिंपीकाम करणारे चाचा. जमीन कसणारे आबा. आणि आमच्या वस्तीतले तात्या, ज्यांनी उभी हयात मुंबईच्या बाजारपेठेत पोती वाहिली. पाटण खोऱ्यातली किती घरे मुंबईच्या माथाडी कामावर जगली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले आणि १९६९ चा माथाडी कायदा म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या घामाला मिळालेला हक्क. तात्या सांगतात, मुंबईत सुट्टीच्या दिवशी गावची आठवण अनावर झाली की ते पवईच्या तलावावर जाऊन नुसते गळवाल्यांकडे बघत बसत. स्वतःची नदी नव्हती, पण पाणी तर होते!

या मंडळींत बोलणे कमी असते. कोणी जास्त बडबडले की चाचा म्हणतात, "गप की रं, मासा ऐकतोय!" पण न बोलता पुष्कळ चालते. कणकेचा गोळा, शेंगदाण्याची पेंड, ओल्या मातीतली गांडुळे, जे ज्याच्याकडे असेल ते मधल्या खडकावर ठेवायचे. ज्याला लागेल त्याने घ्यायचे. दुसऱ्याच्या तंगुसावर आपला तंगूस टाकायचा नाही. कोणाला मोठा मासा लागला तर बाकीच्यांनी आपापले गळ वर काढून त्याला जागा करून द्यायची. निसटलेला मासा कितीही मोठा सांगितला तरी त्याचे माप काढायचे नाही! आणि शेवटचा नियम असा की ज्याला दिवसभर काहीच मिळाले नाही, त्याने मोकळ्या हाताने घरी जायचे नाही. कोणीतरी त्याच्या पिशवीत दोन मासे टाकतोच. घरी लेकरे वाट बघत असतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

पाण्याच्या काठाला आपल्या इतिहासात फार मोठा अर्थ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हते. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात नदीचेही पाणवठे वाटलेले होते. वरचा कोणाचा, खालचा कोणाचा, हे ठरलेले असे. आज त्याच नदीच्या काठावर एका खडकावर पाच घरचे डबे उघडतात आणि तात्यांच्या डब्यातला ठेचा सगळ्यात आधी संपतो. हे पाहून मन भरून येते. पण आपण भाबडे होऊन चालणार नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे. काठावर एका डब्यात जेवणारा माणूस घाट चढून वर गावात गेला की कसा वागतो?

काही वर्षांमागची गोष्ट. आबांना छातीत कळ आली. काठावरूनच त्यांना गाडीत घालून कराडला नेले. घरची माणसे थोडी. एक मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी, तो येईपर्यंत दोन दिवस गेले. रात्री उशाशी बसायला पाळ्या लावल्या. त्यात तात्यांनी आपली पाळी संपली तरी सलग तीन रात्री काढल्या. "मला पोत्यांच्या थप्पीवर झोपायची सवय हाय, बाकड्याचं काय एवढं," एवढेच म्हणाले. आबा बरे होऊन घरी आले. आणि महिन्याभराने आबांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, नातवाच्या हाताला धरून आमच्या वस्तीत आल्या. याआधी त्या कधी आमच्याकडे आल्या नव्हत्या. तात्यांच्या घरी अंगणात खुर्ची टाकली, तर म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या उशाला तू बसलास, मग तुझ्या चुलीपाशी मी का बसू नको?" आत गेल्या, बसल्या, चहा प्यायल्या. वहिनींच्या डोळ्यांना पाणी आले. सभा-भाषणांना मी कमी लेखत नाही, मी स्वतः ती करतो. पण त्या एका कपाने आमच्या दोन आळ्यांमधले जे अंतर कापले, ते कापायला किती सभा लागल्या असत्या, कोण जाणे.

त्या आजारपणानंतर आम्ही एक वही घातली. दर रविवारी माणशी वीस रुपये. आम्ही बाराजण. पावसाळ्यात गळ बंद असला तरी वर्गणी चालू. वर्षाला अकरा-बारा हजार रुपये जमतात. हिशेब माझ्याकडे. दवाखान्याचे गाडीभाडे, एखाद्याच्या मुलीची परीक्षा फी, मिस्त्रींचे काम पावसात थांबले तेव्हाचा किराणा, असे खर्च त्यात आहेत. जमा आणि खर्च असे दोनच रकाने ठेवले आहेत. 'येणे' असा रकानाच नाही. ज्याला जमेल तो परत टाकतो, पण मागायचे नाही असे ठरले आहे. २०२१ च्या जुलैमध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या, तेव्हा वहीत होते तेवढे सगळे धान्य, मेणबत्त्या आणि चादरींना गेले. शिल्लक शून्य. पुढच्या रविवारी पुन्हा वीस-वीस रुपयांनी सुरुवात. आमच्यातले म्हातारे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाची आठवण सांगतात. घरे पडली, थंडीत लोक उघड्यावर राहिले, आणि ज्याच्याकडे घोंगडे होते त्याने ते दोघा-तिघांत पांघरले. संकटात माणूस माणसाला ओळखतो खरा. पण ती ओळख संकटाआधी करून ठेवलेली असली तर हात लवकर पोहोचतो.

सगळे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. मध्यंतरी उन्हाळ्यात पाणी आटून डोह उरले होते. आमच्या एका सोबत्याचा तरुण मुलगा बॅटरी आणि तारा घेऊन आला. डोहात करंट सोडायचा आणि वर तरंगलेले मासे गोळा करायचे! काही ठिकाणी याच कामाला जिलेटीन वापरतात, काही ठिकाणी विषारी पावडर. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. करंटने तर लहान पिल्लेही जातात आणि पाण्यात उतरलेला माणूसही जातो. त्या दिवशी काठावर मोठे भांडण झाले. दोघे म्हणाले, "पोरगं बेकार आहे, चार पैसे मिळवतंय तर मिळवू द्या." बाकीचे विरोधात. शेवटी त्या मुलाच्या बापानेच तारा गुंडाळल्या आणि म्हणाले, "आज मासं मरतील. उद्या ह्याच डोहात चाचाचा नातू उतरंल." मुलगा पाय आपटत निघून गेला. पुढे आमच्या मिस्त्रींनी त्याला आपल्या हाताखाली कामावर घेतले, आणि आता 'पाणी आलं' म्हणून पहिली हाक बहुधा त्याचीच असते. पण ते दोघे सोबती मात्र तेव्हापासून येत नाहीत. निरोप धाडला, घरी जाऊन आलो, उपयोग झाला नाही. वहीत त्यांची नावे मी अजून खोडलेली नाहीत.

काही वाचक विचारतील की पंचशील घेणाऱ्याने गळ टाकावाच का? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसेचा विचार करताना एक महत्त्वाचा भेद केला आहे. गरजेपोटी होणारी हिंसा वेगळी आणि मारण्याच्या हौसेपोटी होणारी हिंसा वेगळी. हा भेद कामाचा आहे, तो आम्ही आमच्या परीने लावतो. पातेल्यापुरते घ्यायचे. अंगठ्याएवढे पिल्लू गळाला लागले तर हात ओला करून अलगद सोडवायचे आणि पाण्यात सोडायचे. फोटो काढण्यासाठी ढीग लावायचा नाही. आणि चढणीचे मासे धरायचे नाहीत. पहिल्या पावसाला मासे अंडी घालायला ओढ्या-नाल्यांत उलट्या प्रवाहाने चढतात, तेव्हा लोक टोपल्या, पोती, काठ्या घेऊन तुटून पडतात. पोटात अंडी असलेली एक मादी मारली तर पुढच्या सालची किती टोपली आपण आजच जाळली, याचा विचार करावा. पहिला पाऊस पडला की आमचे गळ खुंटीला लागतात. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारात ग्रंथवाचन चालू होते, तेव्हा रविवारचा मोकळा वेळ तिकडे जातो. ज्यांना मासा मारणेच पटत नाही, त्यांच्या मताचा मी आदरच करतो. चाचांच्या शेजारी नुसते बसायला येणारे एक गुरुजी आमच्यात आहेत. त्यांच्या हातात गळ नसतो, वर्तमानपत्र असते. तेही आमच्या बारांतलेच.

आणखी एक भान ठेवले पाहिजे. आपल्याला नदी रविवारची, पण भोई बांधवांची ती चूल आहे. त्यांनी लावलेल्या जाळ्याजवळ गळ टाकू नये, जाळे तुटले तर सांगावे, भरून द्यावे. नदीतले मासेही आता बदलले आहेत. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांतले, बीज सोडल्यामुळे इकडे आले. चिलापी आफ्रिकेतली, आणि तिची पैदास अशी झपाट्याने होते की इथल्या जुन्या जाती मागे पडतात. मरळ आणि वाम पूर्वी किती मिळत, हे भोई बांधवांइतके कोणालाच माहीत नाही. त्यांच्याकडून ते ऐकून घ्यावे, मुलांना ऐकवावे. धरणाच्या वरचा परिसर १९८५ पासून कोयना अभयारण्यात आणि पुढे व्याघ्र प्रकल्पातही आला आहे. तिकडे हौसेखातर चोरून जाऊ नये.

भगिनींची तक्रारही खरी आहे. रविवार हा त्यांच्याही हक्काचा. म्हणून महिन्यातला एक रविवार आम्ही सहकुटुंब काठावर काढतो. भाकरी घरून, कालवण काठावर, आणि त्या दिवशी चूल पुरुषांनी सांभाळायची. मुलींनाही गळ बांधायला शिकवतो. मागच्या खेपेला सर्वांत मोठा कटला कंडक्टर नानांच्या नातीला लागला, आणि तो निसटलेला नव्हता, आम्ही सगळ्यांनी पाहिला!

भगवान बुद्धांना आनंद एकदा म्हणाले की कल्याणमित्राची संगत म्हणजे अर्धे धम्मजीवन. तथागतांनी त्यांना सुधारले : अर्धे नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवनच आहे. कल्याणमित्र कुठे भेटेल याचे ठिकाण मात्र ठरलेले नसते. तो विहारात भेटेल, गिरणीच्या खात्यात भेटेल, नाक्यावर भेटेल, तसा नदीच्या काठावरही भेटेल.

म्हणून एवढेच सांगणे. तुमच्या घरातले कोणी गळ घेऊन निघाले तर हसू नका. त्याला विचारा, बरोबर कोण आहे? दोरी आणि फुगवलेली ट्यूब घेतली का? डब्यात दोघांपुरते आहे ना? आणि संध्याकाळी तो परतला की पिशवीत किती मासे आहेत ते नंतर बघा. आज काठावर कोण आले नव्हते, आणि का आले नव्हते, हे त्याला आधी विचारा.

जयभीम!