गच्चीवरून आकाशांत

गेल्या दिवाळींत आमच्या नातवास त्याच्या मामानें एक लहानसा, छायाचित्रें घेणारा ड्रोन भेट म्हणून दिला. पेटी उघडतांना घरांतील सारी मंडळी भोंवतीं जमली होती. तळहातावर मावेल एवढें तें यंत्र पाहून आमच्या कुटुंबानें "डास काय कमी होते, म्हणून हा आणखी एक आणलात?" असें विचारलें, आणि मींही, सारा जन्म शब्दरूपें व संधि शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास या विषयाशीं काय कर्तव्य, असें म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घातलें. परंतु मुलाजवळ कोणी तरी वडील मनुष्य असावें, अशी त्याच्या आईची अट पडली, व घरांत रिकामा असा मीच असल्यामुळें हें काम मजकडे आलें. तेव्हांपासून या छंदाचा शिष्य होऊन जें कांहीं शिकलों, तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें. मुलांच्या सुट्या जवळ आल्या आहेत, आणि पुष्कळ घरीं हा हट्ट सुरू झालाच असेल.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. याला चार पंखे असतात. त्यांपैकीं दोन घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरतात व दोन त्याच्या उलट; तसें नसतें, तर यंत्र स्वतःभोंवतींच गरगरत राहिलें असतें. पुढें जावयाचें झाल्यास मागील दोन पंख्यांचा वेग वाढतो, यंत्र किंचित् पुढें कलतें आणि त्या दिशेस सरकतें. आपण कोठें आहों हें तें उपग्रहांच्या संदेशांवरून ओळखतें, व उंची हवेच्या दाबावरून अजमावतें. जहाजावरील होकायंत्र जसें झुलत्या कड्यांत बसवितात, तशाच युक्तीनें चांगल्या ड्रोनचा कॅमेरा बसविलेला असतो. म्हणून यंत्र डुललें तरी चित्र स्थिर येतें. हा खटाटोप मनुष्यानें आजच आरंभिला आहे असें मात्र नव्हे. फ्रान्समध्यें नादार नांवाच्या छायाचित्रकारानें १८५८ सालीं फुग्यांत बसून पॅरिसजवळ आकाशांतून छायाचित्र घेतलें. त्याच देशांत आर्थर बात्यु यानें १८८८ सालीं पतंगास कॅमेरा बांधला. आणि जर्मनींतील नॉयब्रोनर या औषधविक्रेत्यानें तर कबुतरांच्या छातीवर कॅमेरा बांधण्याच्या युक्तीचें पेटंट १९०८ सालीं मिळविलें.

आतां कायद्याविषयीं. बाजारांत जाण्यापूर्वींच हा भाग वाचावा, मागून नव्हे. आपल्या केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२१ मध्यें ड्रोनविषयींचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत वजनावरून वर्ग पाडले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो 'नॅनो', व त्यापुढें २ किलोपर्यंतचा तो 'मायक्रो'. नॅनो उडविण्यास, किंवा मायक्रो केवळ हौसेखातर उडविण्यास, वैमानिकाचें प्रमाणपत्र लागत नाहीं. म्हणून पहिलें यंत्र २५० ग्रॅमच्या आंतलें घ्यावें, हें उत्तम. आकाशाचेही हिरवा, पिवळा व तांबडा असे भाग केलेले असून त्यांचा नकाशा सरकारच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतो. हिरव्या भागांत सामान्यतः ४०० फुटांपर्यंत, व विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यांत २०० फुटांपर्यंत उडवितां येतें. पिवळ्या भागांत विमानवाहतूक नियंत्रकांची परवानगी पाहिजे, आणि तांबड्यांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. हा नकाशा बदलत असतो. यास्तव प्रत्येक उड्डाणापूर्वीं तो पाहावा, व नियमांत कांहीं फेरफार झाला आहे काय, याचीही चौकशी करावी. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्यें परदेशांतून तयार ड्रोन आणण्यास सरकारनें बंदी केली. तेव्हां पावती न देतां "साहेब, बाहेरचा माल आहे" असें कानांत सांगणाऱ्या दुकानदारास दुरूनच नमस्कार करावा.

यानंतर अभ्यास. पहिला धडा गच्चीवर न घेतां गांवाबाहेरील मोकळ्या माळावर, सकाळच्या निवांत वेळीं घ्यावा. गच्चीच्या काँक्रीटमध्यें लोखंडी सळ्या असतात, त्यांनीं यंत्रांतील होकायंत्र फसण्याचा संभव असतो. पहिले चार दिवस डोक्याच्या वर नेऊं नये. नुसतें उचलावें, स्थिर ठेवावें, उतरवावें. मग चौकोन काढावा. यंत्राचें तोंड आपल्याकडे झालें कीं डावें तें उजवें व उजवें तें डावें होतें, आणि बहुतेक नवशिक्यांचा घात येथेंच होतो. आमच्या नातवानें दुसऱ्याच दिवशीं असें एक बाभळीचें झाड गांठलें, व माझें धोतर त्या पायीं फाटलें तें निराळेंच. पंख्यांचीं दोन-चार पातीं जादा जवळ ठेवावीं असें मीं म्हणतों तें या अनुभवावरून.

बॅटरीच्या बाबतींत विशेष सावध असावें. पेटीवर लिहिलेलीं मिनिटें वारा नसतांनाचीं असतात. प्रत्यक्षांत तितकीं मिळत नाहींत. तीस टक्के उरली कीं घरीं परतावें. जातांना वारा पाठीशीं असला तर येतांना तोच समोरून येतो, व तेव्हां शक्ति अधिक खर्च होते. सबब जातांना वाऱ्याच्या तोंडाकडे जावें. आपोआप परत येण्याची जी सोय असते, तिची उंची भोंवतालच्या सर्वांत उंच झाडाहून अधिक ठरवून ठेवावी. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून निजूं नये, फुगलेली पुन्हां वापरूं नये, व पुष्कळ दिवस ठेवावयाची असल्यास अर्धवट भरलेली ठेवावी. घारींचीं पिलें घरट्यांत असतील त्या बाजूस फिरकूं नये. आणि संक्रांतीच्या सुमारास, मांजा आकाशभर असतां, यंत्र पेटींतच असूं द्यावें. यंत्र नेहमीं आपल्या डोळ्यांस दिसत असलें पाहिजे. फोनच्या पडद्यावर दिसणें म्हणजे दिसणें नव्हे.

इतकें साधल्यावर मात्र जो आनंद मिळतो, त्याचें वर्णन मीं काय करावें! ज्या दिवशीं कृष्णेचें पात्र प्रथम वरून पाहिलें, त्या दिवशीं मला कालिदासाची आठवण झाली. रुंद नदीही दुरून आकाशांतून बारीक दिसते, हें त्यानें मेघदूतांत लिहून ठेविलें आहे. आणि शाकुंतलाच्या सातव्या अंकांत रथ खालीं उतरतांना पृथ्वीच जणूं वर येते, झाडांचीं खोडें पानांतून बाहेर पडूं लागतात, हेंही त्यानें दाखविलें आहे. हे श्लोक मीं कितीएक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतले. ते किती खरे आहेत, हें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं नातवाच्या हातांतील पडद्यावर मला कळलें.

येथेंच हा लेख संपला असता, तर बरें झालें असतें. परंतु एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

पौष महिन्यांत, नियम पुरते पाळून, नातवानें आमच्या गल्लीचें एक चित्र घेतलें. यंत्र २५० ग्रॅमच्या आंतलें, आकाश हिरव्या भागांतलें, उंची दीडशें फूट. चित्र खरोखर सुंदर आलें होतें. मीं स्वतः "शाबास" म्हटलें, व त्यानें तें गल्लींतील मंडळींच्या फोनवरील गटांत पाठवून दिलें. त्यानंतर दोन दिवसांनीं आमच्या कुटुंबाच्या ध्यानांत आलें कीं, शेजारच्या काकू परसांत येईनाशा झाल्या आहेत. काका गेल्यापासून त्या दुपारीं तेथें विहिरीच्या कठड्यापाशीं एकट्याच बसत. चित्र मोठें करून पाहतां त्या तेथें, केस मोकळे सोडून, तोंडाला पदर लावून बसलेल्या स्पष्ट दिसत होत्या. गल्लींतील कोणी तरी त्यावर, "काकू अजून रडतात वाटतें," असेंही लिहिलें होतें.

मीं नातवास घेऊन त्यांच्याकडे गेलों. तो म्हणाला, "काकूआजी, माझें चुकलें. मीं आमच्या फोनमधून तें काढून टाकलें आहे." त्यांनीं त्यास जवळ बसविलें, व फक्त एवढेंच म्हटलें, "अरे, तुझ्या फोनमधून गेलें, पण लोकांच्या फोनमधून कसें जाईल? आमच्या सासऱ्यांनीं ती भिंत पुरुषभर उंच बांधली, ती कशासाठीं?" मला त्या वेळीं खालीं पाहावें लागलें, कारण शाबासकी मीं दिली होती.

सरकारचे नियम आम्हीं शब्दशः पाळले होते, आणि तरीही आमच्याकडून एका दुःखी बाईचा एकांत मोडला गेला. मुलास तें कळावयास हवें होतें, असें म्हणणें सोपें आहे. पण कळावयास हवें होतें तें मला. त्या दिवसापासून आमच्या घरीं तीन नियम अधिक झाले. दुसऱ्याच्या घरावरून, अंगणावरून जावयाचें तर आधीं विचारावें. चित्र कोणास पाठविण्यापूर्वीं मोठें करून, त्यांत कोण आहे तें पाहावें. आणि माणूस ओळखूं येत असेल, तर त्याच्या होकाराखेरीज तें घराबाहेर जाऊं देऊं नये.

चैत्र लागला तेव्हां काकूच आमच्या दारांत आल्या. पावसाळ्यापूर्वीं त्यांना मागील बाजूचीं कौलें परतवून घ्यावयाचीं होतीं. गळती नेमकी कोठें, तें गवंड्यास सांपडत नव्हतें, व त्या जुन्या वाशांवर कोणास चढविण्याची त्यांना भीति वाटत होती. "तुझें तें भिरभिरें घेऊन ये," असें त्या नातवास म्हणाल्या. त्यानें त्यांना आपल्याजवळ खुर्चीवर बसविलें, पडदा त्यांच्याच हातांत दिला, आणि त्या सांगतील तिकडे यंत्र नेलें. आढ्यापासून तिसऱ्या ओळींत पांच कौलें फुटलेलीं निघालीं. यंत्र उतरतांना त्यांनीं विचारलें, "आमची विहीर दिसते का रे वरून?" त्यानें ती दाखविली. कठडा रिकामा होता. त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "हें चित्र मला हवें. इतर कोणास नको."

तें एकच चित्र काढून आम्हीं त्यांना दिलें. आमच्याजवळ त्याची प्रत नाहीं.