ताप डोक्यात गेला म्हणजे काय?

आपल्या घरांत एक वाक्य ठरलेले आहे. पोराला दोन दिवस सर्दी-खोकला, अंग भट्टीसारखे तापलेले, आणि तिसऱ्या दिवशी ते काहीबाही बोलू लागले की दादी म्हणते, "ताप डोक्यात गेला." पुढचे मात्र घरोघरी वेगळे. कुणी कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवते, कुणी दम केलेले पाणी आणायला धावते, कुणी रिक्षा बोलावते. सध्या फ्लूचे दिवस आहेत, वर्गात रोज चार-सहा बाके रिकामी असतात, म्हणून या महिन्यात दादीच्या त्या वाक्यावरच लिहिते आहे. वाक्य चुकीचे नाही. फक्त तिथे थांबून चालत नाही.

फ्लू हा नाकाचा, घशाचा, फुप्फुसांचा आजार. मग डोक्यात जाते ते काय?

2009 चे साल आठवा. स्वाइन फ्लूने 3 ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा बळी घेतला, तो देशातला पहिला. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधून आपण बाजारात जात होतो. त्याच्या आधी, मे महिन्यात, अमेरिकेतल्या डॅलस शहरात याच विषाणूची चार मुले रुग्णालयात आली होती. वये 7 ते 17. सर्दी-तापाला थोडेच दिवस झालेले, आणि आता कुणाला आकडी आलेली, कुणी धड भानावर नाही. डॉक्टरांनी चौघांच्या नाका-घशातला स्राव तपासला, त्यात विषाणू सापडला. पाठीच्या कण्यातले पाणी तपासले, त्यात तो कुणाच्याच नव्हता. तिघांच्या मेंदूच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईईजीत, बिघाड दिसला. चौघेही बरे होऊन घरी गेले.

सगळी गोम इथेच आहे. मेंदू बिघडलेला, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात विषाणू नाही. फ्लूमध्ये बहुतेक वेळा असेच दिसते. विषाणूशी लढायला शरीर जी रसायने सोडते ती काही मुलांमध्ये बेसुमार सुटतात, आणि त्या भडक्यात मेंदूला सूज येते. म्हणजे ताप नव्हे, शरीराची लढाई डोक्यात जाते. त्यामुळे 'मेंदूत गेलेला फ्लू' दाखवणारी एकच एक तपासणी नाही. नाकात फ्लू आहे, मेंदू नीट चालत नाही, आणि दुसरे कोणतेही कारण सापडत नाही, या तीन गोष्टी जुळवून डॉक्टर निदानाला पोचतात.

यातली दुसरी गोष्ट आधी दिसते ती घरच्यांना, आणि तिथेच गोंधळ होतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानेही आकडी येते. शंभरात दोन ते पाच मुलांना आयुष्यात एकदा तरी येते, म्हणजे मोहल्ल्यात अशी मुले असतातच. ही साधी आकडी सगळ्या अंगाला येते, बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबते, चोवीस तासांत पुन्हा येत नाही, आणि थोडी झोप झाली की मूल अम्मीला ओळखते, पाणी मागते. ती मिरगी नव्हे. लग्न जमवताना वीस वर्षांनी ती गोष्ट उकरून काढणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

मोठ्या तापात मूल बरळते हेही खरे. पण ताप उतरला की बरळणे थांबते, नाव घेऊन हाक मारली की ते वळून बघते. याउलट आकडी थांबून अर्धा तास झाला तरी मूल भानावर नाही, ताप उतरला तरी घरच्या माणसांना ओळखत नाही, उगाच हसते किंवा घाबरून किंचाळते, सारख्या उलट्या करते, चालताना झोकांड्या खाते, किंवा इतके गाढ झोपते की चिमटा काढला तरी नीट जागे होत नाही, तर सकाळची वाट बघू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तरीही नाही. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. फ्लूमधला मेंदूचा बिघाड बहुधा ताप आल्यापासून पहिल्या काही दिवसांतच उभा राहतो, आणि काही मुलांमध्ये तासातासाला वाढतो.

त्या गडबडीत मुलाला कुशीवर वळवा. दातांत चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. आणि बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही ओतू नका, साधे पाणी नाही, दम केलेले नाही, झमझमही नाही. गिळता येत नसताना ते फुप्फुसात उतरते. दुआ कुणी थांबवलेली नाही, ती रिक्षात बसूनही करता येते.

डॉक्टर विचारतील त्यांची उत्तरे घरातच असतात. ताप कधी चढला? आकडी किती वाजता आली, किती मिनिटे टिकली, दोन्ही बाजूंना की एकाच हाताला? डोळे कुठे वळले होते? नंतर स्वतःचे नाव सांगितले का? कोणते औषध कधी दिले? घरात घड्याळ बघणारा एक माणूस ठरवा, दुसऱ्याने मोबाईलवर आकडीचे चित्रण करावे. त्यात बेअदबी काही नाही. डॉक्टर येईपर्यंत आकडी थांबलेली असते, आणि 'कापत होता' या शब्दांतून थंडी भरली होती की आकडी होती ते कळत नाही. औषधांच्या पट्ट्या आणि बाटल्या पिशवीत टाकून न्या. 'लाल सिरप' म्हणून कुणाला काही उमगत नाही.

आता पाठीतले पाणी. अर्धी घरे इथे अडतात. मूल बेशुद्ध, डॉक्टर सही मागताहेत, आणि बाहेर जमलेल्यांतला कुणी म्हणतो, "पाणी काढू देऊ नका, पोर लुळं पडेल." मामूंना फोन होतो, चाचांची वाट बघितली जाते, आणि दोन-तीन तास निघून जातात.

सुई कुठे जाते ते समजून घ्या. मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू कमरेच्या वरच संपते. सुई त्याच्या खाली, कमरेच्या मणक्यांमध्ये टोचतात. तिथे पाण्यात फक्त नसांचे धागे तरंगत असतात, ते सहसा बाजूला सरकतात. मोठ्या माणसाच्या अंगात हे पाणी साधारण दीडशे मिलिलिटर असते, आणि शरीर दिवसाला सुमारे पाचशे मिलिलिटर नवीन तयार करते. डॉक्टर काही चमचे काढतात, ते काही तासांत भरून येते. नंतर डोके दुखू शकते, कमर दुखू शकते. मेंदूवर दाब वाढल्याची चिन्हे असली तर डॉक्टर स्वतःच आधी स्कॅन करतात किंवा सुई पुढे ढकलतात. पाणी काढल्यावर लुळी पडलेली मुले लोकांनी पाहिली असतील, पण त्यांना लुळे केले होते आजाराने, आणि पुष्कळदा उशिराने. जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरांनी 1891 मध्ये ही रीत मांडली, म्हणजे ती काही आजची नवलाई नाही.

पाण्यात फ्लू सापडणारच नाही तर ते काढायचे कशाला, असे कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पाणी काढतात ते दुसऱ्या आजारांसाठी. जिवाणूंच्या मेंदूज्वरात पाण्यातल्या पांढऱ्या पेशी खूप वाढतात आणि साखर घसरते, तिथे प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे लागते. क्षयाच्या मेंदूज्वरातही साखर घसरते, पण पेशी वेगळ्या जातीच्या असतात आणि उपचार कित्येक महिन्यांचा. डासांमुळे येणारा जपानी मेंदूज्वर आहे. वाळूमाशीमुळे पसरणारा चांदीपुरा आहे, ज्याला आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या गावाचे नाव मिळाले. मलेरिया रक्तात बघावा लागतो. या सगळ्यांत ताप, आकडी आणि बेशुद्धी सारखीच दिसते. पाण्यात फारसे काही सापडले नाही आणि नाकात फ्लू सापडला, तर तो 'काही नाही'चा रिपोर्टही निदानाचाच भाग असतो. मुलाच्या नाकातला स्राव पीसीआरने तपासणार का, हे मात्र स्वतःहून विचारा. झटपट चाचणी फ्लू असूनही पुष्कळदा नकारार्थी येते.

एमआरआयचे तसेच. जपानी डॉक्टर मिझुगुची यांनी 1995 मध्ये या आजाराचा एक भयंकर प्रकार वर्णन केला, त्यात मेंदूच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना सारखेच डाग दिसतात. 2023 ते 2025 या दोन हंगामांत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फ्लूनंतर हा प्रकार झालेली 41 मुले नोंदवली, त्यांतली 11 दगावली. बहुतेक मुले आधी ठणठणीत होती, आणि फ्लूची लस घेतलेली थोडीच. प्रकार दुर्मीळ आहे, घाबरवण्यासाठी सांगत नाही. लसीबद्दल डॉक्टरांना विचाराल म्हणून सांगते आहे.

औषधांचे एक राहिले. तापात मुलाला अ‍ॅस्पिरिन देऊ नका. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. रे यांनी मुलांचा एक आजार मांडला, फ्लू किंवा कांजिण्यांनंतर मेंदू सुजतो आणि यकृत बिघडते. पुढे त्याचा अ‍ॅस्पिरिनशी संबंध दिसला. अमेरिकेत 1980 साली अशी 555 मुले नोंदली गेली होती. घरोघरी इशारा पोचल्यावर, 1987 पासून कोणत्याही वर्षी 36 च्या वर नाहीत. जपानने फ्लूच्या मुलांसाठी डायक्लोफेनॅक आणि मेफेनामिक आम्लही टाळायला सांगितले. आपल्याकडे मेफेनामिक आम्ल तापाच्या सिरपमध्ये सर्रास असते, तेव्हा बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा. वजनाप्रमाणे साधे पॅरासिटामॉल पुरते.

बरे होऊन मूल शाळेत परत येते तेव्हा आमची पाळी येते. कागदावर ते 'बरे' असते. पण कधी अक्षर बिघडलेले असते, पाठ असलेले पाढे अडतात, शांत मुलगा चिडका होतो. घरचे म्हणतात लाडावला, शिक्षक म्हणतात आळशी झाला. रुग्णालयाच्या कार्डाची एक प्रत वर्गशिक्षकांना द्या. परीक्षेत थोडा जादा वेळ मागा, मदरशात हिफ्ज करणारा असेल तर उस्तादांनाही सांगा की सबक काही दिवस कमी ठेवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला एकट्याला विहिरीत, तलावात पोहायला किंवा रस्त्यावर सायकल चालवायला सोडू नका. आणि पुन्हा ईईजीची तारीख दिली असेल तर ती, पोर हसते-खेळते आहे म्हणून, चुकवू नका.