पाणी चढण्यापूर्वीची जयणा

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, तर धोका पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. 2005 च्या महापुरात हरिपूरची हळदीची पेवे बुडाली होती. त्या वर्षीची खूण म्हणजे पुराची परिसीमा, असे मानून निर्धास्त राहिलेल्यांचा अंदाज 2019 मध्ये चुकला.

पाणी गाळून पिणे, दिवा उघडा न ठेवणे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे, ही जयणा जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. हानी घडण्याआधी सावध असणे, हेच तिचे मर्म. आपत्तीची पूर्वतयारी ही तिचीच एक शाखा होय.

पेठेतील घरांचा खरा पेच मालाचा असतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड. पोती मांडणीवर चढविण्यात हाती असलेला दिवस सरतो आणि वृद्ध मातेला जिन्यावरून उतरविण्याची वेळ छातीइतक्या पाण्यात येते. म्हणून निर्णय आधीच लिहून ठेवावा: इशारा पातळी गाठताच वृद्ध, गर्भवती व मुले उंचावरील ठरलेल्या घरी जातील, धोका पातळीपूर्वी उरलेले सर्व निघतील. त्या वेळी नव्याने चर्चा नको.

हमाल व मुनीम यांची घरेही बहुधा सखल भागातच असतात. त्यांना माल उचलण्यासाठी थांबवून घेणे आणि तिकडे त्यांचा संसार बुडू देणे, हे अहिंसेत बसत नाही. त्यांना प्रथम मोकळे करावे. गोठ्यातील जनावरांची दावीही वेळेवर सोडावीत.

एका जलरोधक पिशवीत विम्याची कागदपत्रे, खातेवह्यांच्या प्रती, आठवड्याची औषधे, चष्मा, विजेरी, सुटे पैसे व गळणे ठेवावे. निवारा केंद्रात कांदा-लसूणविरहित अन्न सूर्यास्तापूर्वी मिळेलच असे नाही. खाखरे, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे व शेंगदाणे जवळ असावेत. निघताना विजेचा मुख्य खटका व सिलिंडर बंद करावा. विमापत्रात पुराचे संरक्षण आहे ना आणि मालाची रक्कम आजची आहे ना, हे पावसाळ्यापूर्वीच पाहावे. 112 व 108 यांसह जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक दाराआड लिहून ठेवावा.

पूर येतो तो चातुर्मासात. साधू-साध्वी वाहन वापरत नाहीत. रस्ते कोरडे असतानाच त्यांना उंच स्थानी पायी जाण्याची विनंती संघाने करावी.

चातुर्मासापूर्वी एका रविवारी घरातील सर्वांनी ही योजना एकदा प्रत्यक्ष करून पाहावी. आजीला जिना उतरण्यास किती वेळ लागतो, हे त्या दिवशी कळेल. गेलेला माल पुन्हा भरता येतो. तिच्यासाठी मात्र ती मिनिटे आधीच राखून ठेवावी लागतात.