हौद्यातला गालिचा

मोटारींविषयी बोलताना एक युक्तिवाद सर्रास केला जातो. जुनी स्पोर्ट्स कूपे म्हणजे धनिकांचा निरुपयोगी छंद. आलिशान पिकअप मात्र ऐषारामातही उपयुक्ततेशी इमान राखते. आम्हांस हे मान्य नाही. 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या फडके-खांडेकरी चौकटीत ही मांडणी इतकी अलगद बसते की तेवढ्यावरूनच तिचा संशय यावा.

१९६१ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला जॅग्वार ई-टाइप प्रकट झाली. तिला आकार देणारे माल्कम सेयर मूळचे ब्रिस्टल विमान कंपनीतले, वक्ररेषाही गणित मांडून काढणारे. तिचे लांबलचक बॉनेट आज निव्वळ शृंगारिक वाटते. पण त्याखाली एका ओळीत सहा सिलिंडर असलेले ३.८ लिटरचे इंजिन आहे आणि बॉनेटवरचा उंचवटा त्या इंजिनाला जागा मिळावी म्हणून आला आहे. आशयाने रूप घडवले, असे आपण वर्गात म्हणतो ते हेच. दोष होतेच. पहिल्या गाड्यांचा गिअरबॉक्स हट्टी, उंच माणसाच्या पायांची अडचण. तरी कूपेच्या पाठीमागे बाजूला उघडणारे दार आहे, आत सामानापुरती सपाट जागाही आहे. (निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी ते दार बहुधा उघडून पाहिलेले नसते.)

आता २००२ च्या मॉडेलची लिंकन ब्लॅकवुड पाहा. पाया फोर्डच्या एफ-१५० ट्रकचा, किंमत बावन्न हजार डॉलरच्या घरात. हौद्याला आतून गालिचा आणि स्टेनलेस स्टील, वर विजेवर उघडणारे झाकण, बाहेरून वेंगे या आफ्रिकी लाकडाचा नकली आभास. रंग एकच, काळा. इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना. चिखलात उतरायची सोय नाही. अशा हौद्यात खडी कोण टाकणार? शेणखत कोण भरणार? इथे उपयुक्तता हाच अलंकार झाला आहे. बोलीतले चार शब्द पेरून दिवाणखान्यातल्या कथेला मातीचा वास आणणारे लेखक आपल्याला अपरिचित नाहीत. आणि त्यांना 'जीवनवादी' म्हणून गौरवणारे समीक्षकही.

ग्राहकांनी ही गाडी नाकारली, अमेरिकेत ती एका वर्षातच आवरती घ्यावी लागली, मग मेलेल्याला कशाला मारता, असे कोणी म्हणेल. गाडी गेली, पण तिच्यामागचा युक्तिवाद अजून धडधाकट आहे.

आम्ही जुन्याचे भाट नव्हे. माल वाहणारी साधी एफ-१५० ई-टाइपशेजारी ताठ मानेने उभी राहील, कारण दोघीही आपण जे आहोत तेच सांगतात. गंमत अशी की ब्लॅकवुड आली तेव्हा जॅग्वार आणि लिंकन दोन्ही फोर्डच्याच मालकीच्या होत्या. जॅग्वार टाटा मोटर्सकडे आली ती पुढे २००८ मध्ये. म्हणजे धडा घरातच उपलब्ध होता.

ब्लॅकवुडच्या उपयुक्ततेवर ज्यांची अजून श्रद्धा आहे, त्यांनी ओल्या मातीची चार पोती त्या गालिच्यावर उतरवून दाखवावीत.