संघ आपला, पण पैसा कुणाचा? सिडनीतील मुस्लिम चाहते, रग्बी लीग आणि जुगार

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या नैर्ऋत्य भागात लाकेम्बा नावाचं उपनगर आहे. १९७० च्या दशकात लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि तिथून निघालेली हजारो मुस्लिम कुटुंबं याच परिसरात येऊन राहिली. इथे मोठी मशीद आहे, हलाल मटणाची दुकानं आहेत आणि रमजानच्या रात्री हाल्डन स्ट्रीटवर खाण्याच्या स्टॉलसाठी लांबून लोक येतात. लाकेम्बाला लागूनच बेलमोर आहे. तिथल्या मैदानाशी ‘कँटरबरी-बँक्सटाउन बुलडॉग्स’ या रग्बी लीग संघाचं जुनं नातं आहे. या संघाचे निळे-पांढरे झेंडे घेऊन जाणाऱ्या गर्दीत हिजाब घातलेल्या मुली, दाढीवाले नौजवान आणि त्यांचे आई-वडील सहज दिसतात.

आपल्याकडे हा खेळ फारसा कुणाला माहीत नाही. लांबट चेंडू, दोन्ही बाजूंना तेरा-तेरा खेळाडू. चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, म्हणजे चार गुण. त्यानंतर किक मारून चेंडू खांबांच्या मधून घातला की आणखी दोन. या खेळाचा जन्म १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये झाला. खाणीत आणि गिरणीत काम करणारे खेळाडू सामन्यासाठी सुट्टी घेत, तेव्हा त्यांची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, ती भरून द्या. रग्बीच्या प्रतिष्ठित मंडळींनी नकार दिला आणि क्लब वेगळे झाले. सिडनीत १९०८ पासून स्पर्धा सुरू झाली, तीही कामगार वस्त्यांच्या जोरावर. म्हणून क्लबची नावं मोहल्ल्यांची आणि चाहतेही मोहल्ल्याचे. मोहल्ल्यात नवे लोक राहायला आले, तसा क्लब त्यांचाही झाला.

हे नातं घट्ट करणारा माणूस म्हणजे हाझेम अल मसरी. जन्म लेबनॉनच्या त्रिपोली शहरातला, लहानपणीच कुटुंबासोबत सिडनीत आला. १९९६ ते २००९ अशी सगळी कारकीर्द त्याने एकाच क्लबला दिली. २००४ मध्ये बुलडॉग्सने अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्सला १६-१३ असं हरवलं. त्या एकाच हंगामात अल मसरीने ३४२ गुण केले होते. निवृत्त झाला तेव्हा एकूण २,४१८ गुणांचा विक्रम त्याच्या नावावर होता. तो विक्रम मोडायला २०१९ उजाडलं. तो दारू पीत नसे, रोजे ठेवी आणि हे कधी लपवत नसे.

हे समजून घेतलं पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये याच शहरातल्या क्रोनुला किनाऱ्यावर जमावाने अरब दिसणाऱ्या लोकांना मारहाण केली होती. ‘तुम्ही इथले नाहीत’ असं ऐकणाऱ्या मुलाला स्टेडियममध्ये हजारो लोक ‘अल मसरी, अल मसरी’ म्हणताना ऐकू येत, तेव्हा त्याला काय वाटत असेल? भाषणांनी जे होत नाही ते कधीकधी खेळाने होतं. त्यामुळे ‘हा सगळा टाइमपास आहे’ म्हणून हात झटकणं बरोबर नाही.

पण आता दुसरी बाजू बघू. हा क्लब चालतो कशावर? तिकिटं, टीव्हीचे हक्क, जाहिराती हे आहेच. शिवाय सिडनीत बहुतेक संघांच्या मागे एक ‘लीग्ज क्लब’ असतो. जेवण, कार्यक्रम, बसायला जागा आणि आत पोकर मशीन, म्हणजे पैसे टाकून बटण दाबायचं जुगाराचं यंत्र. न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्येच क्लबांना ही यंत्रं कायद्याने ठेवू दिली आणि तेव्हापासून खेळाचा मोठा खर्च यातून निघत आला. आता भर पडली आहे मोबाइलवरच्या सट्ट्याची. सट्टा कंपन्या सामन्यांवर लागणाऱ्या पैशातला हिस्सा खेळाच्या संस्थेला देतात. म्हणजे लोक जितका सट्टा लावतील, तितकी संस्थेची कमाई.

दरडोई जुगारात पैसा गमावण्यात ऑस्ट्रेलिया जगात सर्वात वर आहे. २०२३ मध्ये खासदार पीटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने ३१ शिफारशी केल्या. त्यात ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करा, ही एक होती. सर्वपक्षीय समितीचा अहवाल असूनही सरकारने टाळाटाळ केली. विरोध करणाऱ्यांत रग्बी लीगचे पदाधिकारी पुढे होते. या खेळाच्या आयोगाचे २०१९ पासूनचे अध्यक्ष पीटर व्हलँडीस हेच राज्यातल्या घोड्यांच्या शर्यतींच्या संस्थेचेही प्रमुख. दोन्हीकडची कमाई सट्ट्याशी बांधलेली.

आता लाकेम्बाच्या घरात काय होतं बघा. मुलगा नमाजी आहे, दारूला हात लावत नाही. पण ज्या संघावर त्याचं प्रेम आहे, त्याच्या प्रत्येक सामन्यात त्याला भाव दाखवले जातात. कोण जिंकेल, पहिला ट्राय कोण करेल. कुरआनच्या सूरह अल-माइदामध्ये दारू आणि जुगार एकत्रच वर्ज्य केले आहेत. मात्र दारूला वास असतो, आई-वडिलांना कळतं. मोबाइलमधल्या जुगाराला वास नसतो. कळतं तेव्हा पगार गेलेला असतो.

मग काय, खेळच सोडायचा? तसं नाही. याच क्लबकडून २००४ ची फायनल खेळलेला सॉनी बिल विल्यम्स पुढे मुसलमान झाला. २०१७ मध्ये ऑकलंडच्या संघाकडून खेळताना त्याने कॉलरवरच्या बँकेच्या नावावर पट्टी चिकटवली. व्याज, दारू आणि जुगार यांची जाहिरात आपण करणार नाही, ही त्याची भूमिका होती. गदारोळ झाला, पण संस्थेने त्याचा आक्षेप मान्य केला. हाशिम आमलानेही दक्षिण आफ्रिकेच्या शर्टावर बिअर कंपनीचा लोगो घातला नाही. दोघांनी खेळ सोडला नाही, फक्त एका गोष्टीला नाही म्हटलं.

अर्थात खेळाडूला हे जमतं, कारण त्याच्याशिवाय क्लबचं चालत नाही. साध्या चाहत्याचं काय? शिवाय यंत्रांच्या पैशातला काही भाग मुलांच्या संघांना आणि मोहल्ल्याच्या कामांनाही जातो. म्हणून प्रश्न अवघड आहे आणि एकट्या घराने सुटणारा नाही. चाहत्यांनी एकत्र येऊन क्लबकडे मागणी केली, तरच काही हलेल.

आपणही यापासून लांब नाही. पैसे लावून टीम बनवायची ॲप्स आयपीएलमधूनच घराघरात पोहोचली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ‘ड्रीम इलेव्हन’ भारतीय संघाच्या जर्सीवरून गेली. कायदा झाला, चांगलं झालं. पण बेकायदा सट्टा कायद्याने बंद होत नाही, हे शाळेत मुलांच्या गप्पा ऐकणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

म्हणून वालिदैनना एकच विनंती. मुलगा मॅच बघतो म्हणून टीव्ही बंद करू नका. त्याच्याशेजारी बसून बघा. जाहिरात आली की विचारा, ‘बेटा, ही कंपनी कमावते कशी? हरतं कोण?’ हिशोब त्यालाच करू द्या.