‘निर्भेळ प्रेमा’ची किंमत : ‘साया नो उता’ आणि पुसलेला चेहरा

‘साया नो उता’ (‘सायाचे गाणे’) या जपानी दृश्य-कादंबरीविषयी तिच्या चाहत्यांत एक मत जवळजवळ सिद्धान्तासारखे रूढ झाले आहे : मांस, रक्त आणि दुर्गंधी यांच्या आवरणाखाली ती एक निर्भेळ प्रेमकथा आहे. जगाने टाकलेला एक पुरुष, या जगाची नसलेली एक स्त्री, आणि एकमेकांवाचून काहीही न मागणारे त्यांचे प्रेम. हे वाचन मोहक आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहणे अगत्याचे ठरते. कारण ते स्वीकारताना वाचक कथेतील एका व्यक्तीला बिनदिक्कत पुसून टाकतो. तिचे नाव त्सुकुबा यो.

निट्रोप्लस या संस्थेने ही कृती 26 डिसेंबर 2003 रोजी केवळ प्रौढांसाठी म्हणून प्रकाशित केली. लेखन उरोबुची गेन यांचे. पुढे 2011 मध्ये ‘माडोका माजिका’ या चित्रमालिकेने त्यांचे नाव जपानबाहेर सर्वतोमुखी झाले. दृश्य-कादंबरीचा प्रकार मराठी वाचकाला अपरिचित असला तरी गुंतागुंतीचा नाही. संगणकाच्या पडद्यावर पार्श्वचित्र, त्यावर पात्रांच्या आकृती, मागे संगीत, आणि पुढे वाक्यावाक्याने सरकणारी संहिता. मधूनच दोन-तीन पर्याय समोर येतात. वाचक त्यांतून एक निवडतो आणि कथेला फाटा फुटतो.

सकिसाका फुमिनोरी हा वैद्यकीचा विद्यार्थी. अपघातात आईवडील जातात. तो मेंदूवरील एका प्रायोगिक शस्त्रक्रियेमुळे वाचतो. मात्र शुद्धीवर आल्यापासून त्याला सारे जग सडक्या मांसाचे दिसते. भिंती आतड्यांच्या, माणसे म्हणजे गिळगिळीत गोळे, त्यांचे बोलणे किळसवाणी घरघर. (कृतीत या अवस्थेला वैद्यकीय नाव दिले आहे; त्या नावाच्या खऱ्या विकाराशी तिचा संबंध फारच सैल आहे.) या नरकात एकच आकृती मानवी दिसते : साया नावाची मुलगी. इतरांच्या दृष्टीने साया ही पाहणाऱ्याचे भान हरपावे अशी विकराळ वस्तू आहे. तिचे हे दुसरे रूप कृती कधीही पूर्णपणे दाखवत नाही. काफ्काच्या ‘रूपांतर’मध्ये (1915) पाहिला जाणारा बदलतो, येथे पाहणारा बदलला आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ही रचना विशेष रोचक वाटावी. शृंगार आणि बीभत्स हे परस्परविरोधी रस. एकाच आलंबनाच्या ठायी ते एकत्र आले की रसभंग होतो, हे परंपरेने वारंवार सांगितले आहे. उरोबुची हा विरोध पाहणाऱ्यांमध्ये वाटून टाकतात. आलंबन एकच, सायाचे शरीर; फुमिनोरीच्या ठायी रती, इतरांच्या ठायी जुगुप्सा. दोष टळतो, आणि टळताना एक नवाच प्रश्न उभा करतो : सहृदयाने कोणाच्या बाजूला बसावे?

उत्तर तंत्राने आधीच दिलेले आहे. फुमिनोरीचे प्रसंग प्रथमपुरुषी निवेदनात येतात. त्याचा मित्र तोनो कोजी, डॉक्टर तान्बो र्‍योको आदींचे तृतीयपुरुषी. म्हणजे फुमिनोरीला अंतरंग मिळते आणि इतरांना केवळ वर्तन. त्यात चित्राची भर पडते. वेन बूथ यांनी 1961 मध्ये ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना मांडली तेव्हा त्यांच्यासमोर शब्दांची कादंबरी होती. शब्दांवर अविश्वास दाखवता येतो, शब्द आणि वस्तू यांच्यातील फट वाचकाला जाणवत राहते. चित्र ही फट बुजवते. पडद्यावर मांस दिसते तेव्हा वाचक ‘फुमिनोरीला मांस दिसते’ असे वाचत नाही. त्याला मांस दिसते. आणि त्या पसाऱ्यात एकच नितळ चेहरा समोर येतो तेव्हा त्याला हायसे वाटते. हा सुटकेचा निःश्वास म्हणजेच सायाविषयीच्या ‘प्रेमा’चे मूळ होय. भट्टनायकाने साधारणीकरणात रसिकाची ‘स्व’च्या मर्यादेतून मुक्ती पाहिली. येथे रसिक स्वतःपासून सुटतो खरा, पण दुसऱ्याच्या ‘स्व’मध्ये कोंडला जाण्यासाठी. तेव्हा या कृतीतील पहिली हरवलेली ओळख फुमिनोरीची नाही, वाचकाची आहे.

या ठिकाणी संवादी साहित्याचे समर्थक वाचकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करतात. पर्याय आहेत, वाचक निवडतो, म्हणून तो संहितेचा सहनिर्माता होय, असा त्यांचा युक्तिवाद. एस्पेन आर्सेथ यांच्या 1997 च्या ‘सायबरटेक्स्ट’नंतर हा युक्तिवाद अनेकदा आर्सेथ यांनी घेतलेली सावधगिरी बाजूला ठेवून केला जातो. ‘साया नो उता’ त्याला जे उत्तर देते ते कठोर आहे. संपूर्ण कृतीत निवडीचे प्रसंग दोनच, शेवट तीन. पहिल्या निवडीत फुमिनोरीने पूर्ववत दृष्टी स्वीकारावी की नाकारावी हे ठरते. दुसऱ्या निवडीत कोजीने फोन फुमिनोरीला करावा की र्‍योकोला, हे. बाकी सारा वेळ वाचक पुढचे वाक्य उघडण्यापलीकडे काहीही करू शकत नाही. कोजीची प्रेयसी ओमी जाब विचारायला फुमिनोरीच्या घरी जाते, सायाच्या हातून मरते, आणि फुमिनोरीच्या ताटात येते. हे थांबवण्याचा पर्याय कोणी देत नाही. सत्ता निवड हिरावून घेते तेव्हा ती ओळखणे सोपे असते. कोणत्या गोष्टी निवडीच्या कक्षेत येतील हे ती ठरवते तेव्हा ती ओळखणे अवघड जाते, आणि वाचकाला ‘तूच निवडलेस’ असे सांगून ती त्याच्या माथी जबाबदारीही मारते.

पहिल्या निवडीची पूर्वपीठिका तर नीट वाचण्याजोगी आहे. शेजारी राहणारा चित्रकार सुझुमी योसुके याच्या मेंदूत साया फेरफार करते. हेतू प्रयोगाचा : असे बदल करता येतात का, हे पाहायचे. सुझुमीला एकाएकी बायको आणि मुलगी राक्षसांसारखी दिसू लागतात. तो त्यांना मारतो, मग साया त्याला मुलगी म्हणून दिसते आणि तो तिच्यावर अत्याचार करतो. फुमिनोरी त्याला ठार करतो. यानंतर साया हळुवारपणे फुमिनोरीला विचारते, तुला पुन्हा पूर्वीसारखे व्हायचे आहे का? या प्रश्नातील कोमलतेने वाचक भारावतो. पण हाच प्रश्न तिने सुझुमीला विचारला नव्हता. ज्याच्या संमतीला मोल आहे आणि ज्याच्या संमतीला नाही, अशी माणसांची विभागणी या क्षणी पूर्ण झालेली असते. शिवाय सुझुमी आणि फुमिनोरी यांची दृष्टी एकच आहे, कृत्येही फार निराळी नाहीत. तरीही एकाला खलनायक आणि दुसऱ्याला प्रियकर म्हणून वाचले जाते. फरक इतकाच की सुझुमीच्या वाट्याला ‘मी’ हे सर्वनाम आलेले नाही.

फुमिनोरीने पूर्ववत होणे नाकारले तर कथा यो हिच्याकडे वळते. तिने अपघातापूर्वी फुमिनोरीपाशी आपले प्रेम व्यक्त केले होते आणि त्याच्या उत्तराची ती वाट पाहत होती. हीसुद्धा एक प्रेमकथाच होती, हे ‘निर्भेळ प्रेमा’चे भाष्यकार विसरतात. फुमिनोरीला कुटुंब हवे म्हणून साया यो हिच्या शरीराचे यातनामय रूपांतर घडवून तिला स्वतःसारखी करते. आता ती फुमिनोरीला माणसासारखी दिसते. तो आनंदतो आणि तिला घरात दासी म्हणून ठेवतो. येथे सत्तेचे सूत्र उघडे पडते : ज्या क्षणी यो त्याला ‘माणूस’ म्हणून दिसू लागते, त्या क्षणी तिचे माणूसपण संपलेले असते. तिला चेहरा मिळाला आहे, पण तो त्याच्या डोळ्यांसाठी घडवलेला. आणि तिच्या वेदनेला वाचा उरलेली नाही. शेवटी जुना मित्र कोजी, समोरच्या भीषण वस्तूत यो आहे हे जाणूनही, तिला मारून टाकतो. एकाच्या डोळ्यांना ती वश झालेली स्त्री, दुसऱ्याच्या डोळ्यांना असह्य वस्तू. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना काय दिसत होते, हे सांगणारी जागा रूपांतरानंतरच्या या संहितेला सापडत नाही.

यावर असा आक्षेप येईल की कृतीला हे सर्व ठाऊक आहे. तिने भीषणता लपवलेली नाही, उलट ती वाचकाच्या तोंडावर फेकली आहे. आक्षेपात तथ्य आहे. उरोबुची आपल्या चाहत्यांहून अधिक सावध लेखक आहेत. तृतीयपुरुषी प्रसंगांत जग जेव्हा नेहमीसारखे दिसू लागते, तेव्हा वाचकाला स्वतःच्या मघाच्या समाधानाची लाज वाटावी, अशी योजना तेथे आहेच. परंतु ठाऊक असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. यो हिची विटंबना ही प्रौढ खेळांच्या बाजारपेठेला अपेक्षित अशाच दृश्यांच्या स्वरूपात वाढली जाते. टीका आणि पुरवठा एकाच ताटात येतात. सायाचे रूप बालिकेचे असणे हाही निरागस योगायोग नव्हे. सर्वशक्तिमान अशा तिला नायकाच्या नजरेने जे रूप दिले आहे ते दुबळेपणाचे, परावलंबनाचे आहे. त्या रूपाभोवती कामभावना गुंफताना कृती आपल्या बाजाराशी कोणतीही झटापट करत नाही, आणि त्या रूपाला ‘निर्मळ’ म्हणणारा भाष्यकार त्या नजरेची केवळ री ओढतो. या बाबतीत कृतीला सूट देण्याचे कारण नाही.

आझुमा हिरोकी यांनी 2001 मधील आपल्या ग्रंथात या साहित्यप्रकाराची एक मार्मिक चिकित्सा केली. दृश्य-कादंबरीचा वाचक एका पातळीवर प्रत्येक शाखेत ‘हेच एकमेव, नियत प्रेम’ असे मानून अश्रू ढाळतो; दुसऱ्या पातळीवर तोच वाचक सर्व शाखा क्रमाने उघडत जातो, आणि या दोन पातळ्यांमधील विसंगती त्याला बोचत नाही. ‘निर्भेळ प्रेमा’ची भाषा याच दुहेरीपणातून जन्मते. जेथे प्रेम शाखेनुसार बदलता येते, तेथे त्याला निरपेक्ष म्हणण्याची गरज अधिकच तीव्र होते. मराठी विद्यापीठीय वर्तुळात वाचककेंद्री समीक्षेचे पारिभाषिक शब्द आता सवयीचे झाले आहेत. ‘वाचकाचा सहभाग’ हे सर्वदा मुक्तीचेच लक्षण, असे गृहीत धरून शोधनिबंध लिहिले जाऊ शकतात. संगणकीय कथनाकडे वळणाऱ्या तरुण अभ्यासकाने हे गृहीतक सोबत घेऊन जाऊ नये. सहभागी वाचक हा साक्षीदारही असू शकतो, साथीदारही; इझर यांच्या ‘रिक्त जागा’ भरताना तो त्या जागेतल्या कोणाला बाहेर ढकलतो, हेही विचारावे लागते.

या दृष्टीने तीन शेवटांची लोकप्रिय प्रतवारी उद्बोधक आहे. साया उमलून सारी मानवजात तिच्या रूपात बदलते, तो शेवट काव्यात्म म्हणून गौरवला जातो. र्‍योको आणि साया मरतात, फुमिनोरी स्वतःला संपवतो आणि कोजी एकटा उद्ध्वस्त मनाने मागे उरतो, तो शेवट शोकात्म म्हणून. पहिल्याच निवडीत फुमिनोरी पूर्वीची दृष्टी मागतो, तेव्हा तो मनोरुग्णांच्या कोठडीत बंद होतो. साया दाराबाहेर येते, आपले रूप दिसू नये म्हणून फोनच्या पडद्यावर शब्द उमटवून बोलते, आणि निघून जाते. हा शेवट अनेकांना अपुरा, कथा सुरू होण्याआधीच संपल्यासारखा वाटतो. तिन्ही शेवटांत यो हिचे शरीर तिचेच राहते, तो हा एकच.